सिग्नलवरच्या मुलाला नक्की मदत कशी करायची? दप्तर दिलं तर त्याने रंगपेन्सिली सुट्या विकल्या

अर्धवट_झोप

नमस्कार मंडळी, बरेच महिने रोमात (म्हणजे नुसती वाचनमात्र) आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑफिसच्या वाटेवर एक मोठा सिग्नल लागतो, तिथे एक मुलगा गाड्यांच्या काचा पुसतो. दहा-अकरा वर्षांचा असेल. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्याने फवारा केलाय, दुसऱ्या हातात फडकं, पायात दोन वेगवेगळ्या चपला आणि त्यातली डावी चांगली दोन नंबर मोठी, त्यामुळे पळताना एक पाय फरपटत पळतो. रोज बघून बघून ओळख झाली. हसतो, हात करतो, मी काच खाली केली की आधी गाडीत अजून कोण आहे ते बघून घेतो.

तर दोन महिन्यांपूर्वी मला वाटलं नुसते सुटे पैसे देण्यापेक्षा काहीतरी नीट करावं, म्हणून दप्तर घेतलं, वह्या, कंपास, चोवीस रंगांची पेन्सिलींची पेटी, सगळं भरून दिलं. इतका खूश झाला की मलाच रडू आलं. आणि तिसऱ्या दिवशी बघते तर हा त्याच सिग्नलवर रंगपेन्सिली सुट्या विकतोय! हातात पंख्यासारख्या पसरून धरलेल्या. मला बघून लपवल्या पण नाहीत, उलट निळी पुढे केली नि म्हणाला, मॅडम तुम्हाला फ्री.

खरं सांगू, राग आला. मग रागाचीच लाज वाटली.

दुसरं म्हणजे आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला होता, कुठल्या सिग्नलवर असतो वगैरे लिहून, की याच्यासाठी वर्गणी काढू या. भरपूर लोक तयार झालेत. आता त्या पैशांचं करायचं काय? एक जण म्हणतो अनाथाश्रमात टाकू त्याला, एक म्हणतो पोलिसांना फोन कर ही बालमजुरी आहे, एक म्हणते घरी कामाला ठेव आणि शिकव (!!), आणि एकाचं म्हणणं की काहीच देऊ नका, दिलं की अजून पोरं रस्त्यावर येतात. मला यातलं कोणाचंच धड पटत नाहीये आणि गप्प बसणंही जमत नाहीये. कोणी या क्षेत्रात काम केलं असेल तर प्लीज सांगा.


आडवाट

बाकी नंतर बोलू, आधी तो फोटो ग्रुपवरून काढून टाका. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या. चेहरा, वेळ आणि जागा तीनही गोष्टी एका पोस्टमध्ये दिल्यात तुम्ही. तुमच्या ग्रुपातली माणसं चांगलीच असतील हो, पण फोटो एका ग्रुपात थोडाच राहतो, फॉरवर्ड होत होत कुठे पोचेल सांगता येत नाही. स्वतःच्या मुलाचा फोटो शाळेच्या गेटच्या पत्त्यासकट अनोळखी दोनशे लोकांना पाठवाल का? नाही ना. मग.

ओरडत नाहीये, मी पण हे केलेलं आहे एकदा.


दगडी_पाटी

सगळं रॅकेट असतं. यांच्यामागे मोठी माणसं असतात, संध्याकाळी गोळा करून नेतात. देणं बंद करा, आपोआप बंद होईल. कटू आहे पण सत्य आहे.


पायवाट

रस्त्यावरच्या मुलांसोबत नऊ वर्षं काम केलंय, त्यातली सात वर्षं प्रत्यक्ष फिरतीवर, आऊटरीच म्हणतात ते. त्यामुळे प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी.

दगडी_पाटी, रॅकेट असतात, नाही असं नाही, आणि कुठे मूल विकलंय, डांबलंय, मारून पैसे गोळा करायला लावतायत अशी शंका आली तर ते सरळ तक्रार करायचं प्रकरण आहे, त्यात दुमत नाही. पण मी बघितलेली बहुतेक मुलं रात्री आईकडेच जायची. सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं की ज्या मुलाला खरंच सोडवायला हवं तो पण दिसत नाही.

ताई, आता पेन्सिलींचं. तुम्ही त्याला शाळेचं सामान दिलंत पण शाळा कुठे होती? मग त्याच्या हिशोबात तो माल झाला, आणि माल आला की विकायचा हे तर त्याला लहानपणापासून येतंय. यात फसवणूक काही नाही. फसवायचं असतं तर तुमची गाडी बघून तो गायब झाला असता. उलट निळी फुकट दिली म्हणजे तुमच्याशी नातं गिऱ्हाइकाचं नाही हे त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. दप्तरापेक्षा हे मोठं आहे, हे धरून ठेवा.

आमचं एक सेंटर होतं, ड्रॉप-इन, म्हणजे मुलाने यावं, बसावं, वाटेल तेव्हा जावं, कोणी कोंडत नाही. आम्ही हौसेने वर्ग लावले, चित्रकला, गाणी, कॉम्प्युटर. मुलं यायची ती मात्र दोन गोष्टींसाठी, आंघोळीचं पाणी आणि लॉकर. पत्र्याचे बारके लॉकर, ज्याची त्याला किल्ली. एक मुलगा सलग तीन आठवडे रोज यायचा, लॉकर उघडायचा, आत बघायचा, बंद करायचा, निघून जायचा. आत काय, तर एक शर्ट आणि एक बंद पडलेलं घड्याळ. माझा सहकारी वैतागायचा की हा टाइमपास करतो. चौथ्या आठवड्यात तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, इथलं कोणी घेत नाही ना? एवढं तपासायला त्याला एकवीस दिवस लागले. खरं नाव सांगायला पुढे अजून चार महिने. तोवर तो रोज वेगळ्या हिरोचं नाव सांगायचा आणि आम्ही त्या त्या दिवशी त्याच नावाने हाक मारायचो, कारण खोटं पकडलं की मूल परत येत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या ऑफिसातल्या चारही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, त्या मुलाला कोणीच विचारलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात बारावं कलम तेवढ्यासाठीच आहे, मुलाच्या बाबतीत निर्णय घेताना मुलाचं म्हणणं ऐकायचं आणि त्याच्या वयाप्रमाणे त्याला वजन द्यायचं. आणि २०१७ मध्ये त्या कराराच्या समितीने खास रस्त्यावरच्या मुलांसाठी टिप्पणी काढली, क्रमांक २१. त्यात सरकारांना स्पष्ट सांगितलंय की या मुलांना उचलून गाडीत घालून नेणं हा उपाय नाही, आणि नुसतं दयेपोटी अन्न-कपडे वाटत राहणं हाही पुरा नाही, मुलाला हक्क असलेला माणूस म्हणून धरून पुढचं ठरवा. त्यात रस्त्यावर झोपणारीच मुलं नाहीत, दिवसभर रस्त्यावर राबून रात्री घरी जाणारीही धरलीत. म्हणून पहिला प्रश्न हाच, तुमचा हा मुलगा रात्री कुठे जातो? तुम्ही दोन महिने ओळखताय, माहितीये का?


दगडी_पाटी

तुमचं काम मोठं आहे, मान्य. पण मग धाड घालून सोडवतात मुलांना ते चूक का? कायदा आहे ना.


पायवाट

धाड चूक नाही, धाडीनंतर काय हे ठरलेलं नसणं चूक. कोंडून ठेवलेल्या, विकलेल्या मुलासाठी धाडच हवी. पण कमावतं मूल नुसतं कामावरून काढलं तर घरातलं ते उत्पन्न गेलं, मग दुसरं कुठलं तरी आणावंच लागतं.

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बांगलादेशचं. १९९२ मध्ये अमेरिकेत टॉम हार्किन या सिनेटरने विधेयक आणलं की बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. हेतू चांगलाच होता. विधेयक पास पण झालं नाही, पण नुसत्या धास्तीने तिथल्या कपड्यांच्या कारखानदारांनी मुलांना काढून टाकलं, अंदाजे पन्नास हजार, त्यात मुलीच जास्त. ती शाळेत नाही गेली. युनिसेफने नंतर लिहिलं की त्यातली बरीच मुलं दगड फोडायला, रस्त्यावर फिरून विकायला आणि काही तर देहविक्रीत गेली, म्हणजे शिलाईच्या खोलीपेक्षा वाईट जागी. मग १९९५ च्या जुलैमध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला की शाळेची सोय होईपर्यंत मुलांना काढायचं नाही आणि शाळेत गेल्यावर घराला थोडा भत्ता द्यायचा. हेच दोन वर्षं आधी केलं असतं तर? असो.


मुक्ताफळ

मी थोडं उलट बोलते. काम वाईट का मानायचं सरसकट? बोलिव्हियात काम करणाऱ्या मुलांची स्वतःची युनियन आहे, त्यांनी मोर्चे काढले, आणि २०१४ मध्ये तिथे कायदा झाला की अटी पाळून स्वतःचं काम करणाऱ्या मुलाला दहाव्या वर्षापासून परवानगी. पेरूमध्ये १९७६ पासून अशी संघटना आहे. मुलांचं ऐका म्हणताय ना, मग मुलं हेच म्हणतायत की आम्हाला काम करू द्या, फक्त मारू नका आणि पैसे बुडवू नका.


नटबोल्ट

मी नऊ वर्षांचा असताना गॅरेजला लागलो. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. म्हणून लिहितोय, एरवी मी असल्या धाग्यांवर येत नाही.

मुक्ताफळ, मला त्या वयात कोणी विचारलं असतं काम करायचंय का तर मी पण हो म्हणालो असतो. हो म्हणण्याशिवाय होतंच काय. घरी बाप आजारी, मी नाही गेलो तर चूल नाही. दुसरं काही समोर असताना हो म्हणणं वेगळं आणि काहीच समोर नसताना हो म्हणणं वेगळं. माझ्या उजव्या करंगळीचं वरचं पेर नाहीये. जॅक घसरला. दहा वर्षांच्या पोराला जॅक लावायला सांगायला नको होतं एवढंच, बाकी मालक वाईट नव्हता. पेट्रोलने हात धुवायचो, त्या हातांची कातडी अजून तशीच आहे.

पण मुक्ताफळचं अर्धं बरोबर पण आहे. मला त्या वयात सुटका वगैरे नको होती, ते काय असतं माहीतच नव्हतं. मला पाहिजे होतं काय सांगू? पगार माझ्या हातात, बापाच्या नाही. शिव्या नको, विशेषतः आईवरून. आणि दुपारनंतरची शाळा. एक मास्तर होते, ते गॅरेजवर गाडी घेऊन आले की मला पाढे विचारायचे, कधी पुस्तक आणलं नाही, उपदेश केला नाही, नुसते पाढे. सतराचा पाढा आला की पुढच्या वेळी अठराचा. त्यांनी मालकाला गळ घालून मला रात्रशाळेत घातलं तेव्हा मी चौदाचा होतो. पाच वर्षं गेली ती गेलीच. अजूनही मोठी बेरीज कागदावर करताना लोक बघत असले की माझं चुकतं.

अवांतर: सगळ्यांनी मला छोटूच म्हटलं. तेविसाव्या वर्षापर्यंत छोटू. लोकांना सांगतो, पोराचं नाव विचारा राव.


कायदेपंडित_नाही

नटबोल्ट, मनापासून लिहिलंत.

बोलिव्हियाची पुढची गोष्ट राहिली, तिथे २०१८ मध्ये कायदा बदलून वय परत चौदावर नेलं. जगभरात साधारण चौकट अशी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८, त्यात कामाचं किमान वय पंधरा, कमी विकसित देशांना सुरुवातीला चौदाची सवलत, हलकं काम दोनेक वर्षं आधी चालतं पण शाळा बुडता कामा नये, आणि धोक्याचं काम साधारणपणे अठराच्या आत नाही. दुसरा १९९९ चा क्रमांक १८२, गुलामगिरी, विक्री, वेश्याव्यवसाय, अमली पदार्थ, जिवाला धोका, असले प्रकार तात्काळ बंद करण्याबद्दल. या १८२ ला २०२० मध्ये कामगार संघटनेच्या सगळ्याच्या सगळ्या १८७ सदस्य देशांनी मान्यता दिली, त्या संघटनेच्या इतिहासात आधी असं कधी झालं नव्हतं. म्हणजे कागदावर जगाचं एकमत आहे. आणि त्याच संघटनेच्या नि युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे तरीही २०२४ मध्ये जवळपास १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत होती, त्यातली ५ कोटी ४० लाख धोक्याच्या कामात. २००० साली हा आकडा साडेचोवीस कोटींच्या आसपास होता, त्यामुळे काहीच होत नाही असंही नाही.

पण यातली ६१ टक्के शेतात आहेत. सिग्नलवरचं मूल आपल्याला दिसतं कारण आपण तिथे थांबतो. शेतात, बंद दाराआड दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी मुलगी दिसत नाही. धागालेखिकेच्या मैत्रिणीचा 'घरी ठेव आणि शिकव' हा सल्ला म्हणूनच सगळ्यात वाईट, चारचौघांत असलेलं मूल तुम्ही चार भिंतींत नेताय.

पोलिसांबद्दल. भीक मागणं, उगाच भटकणं हे गुन्हे मानून मुलांनाच पकडायची पद्धत बऱ्याच देशांत होती आणि आहे, त्यामुळे खाकी दिसली की मूल पळतं यात नवल नाही. ग्वाटेमालात जून १९९० मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या पाच तरुण पोरांना मारलं, तिघं अठराच्या आतली, आरोप पोलिसांवर, आणि तिथल्या कोर्टांत आरोपी सुटले. ते प्रकरण पुढे आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात गेलं, १९९९ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात लागला. त्यातला मुद्दा वकील लोक अजून सांगतात, की जगण्याचा हक्क म्हणजे नुसतं मारून न टाकणं नाही, माणसासारखं जगता येईल अशी परिस्थिती नाकारायची नाही हेही त्यात येतं. नंतर भरपाई ठरवताना कोर्टाने त्या पोरांच्या आठवणीत एका शाळेला नाव द्यायलाही सांगितलं. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचं नाव शाळेला, मला ते वाचून कसंतरीच झालं होतं.

म्हणून तक्रार करायचीच तर बऱ्याच देशांत मुलांसाठी वेगळी फुकट हेल्पलाइन असते, भारतात १०९८, तिथे आधी बोला. मारहाण दिसली, मूल नशेत किंवा आजारी दिसलं, कोणी जबरदस्ती करतंय असं वाटलं तर थांबू नका. नुसता काच पुसतोय तर आधी पायवाट म्हणतात ते करा.


आडवाट

अनाथाश्रमाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी एका निवासी संस्थेच्या अकाउंट्सला होते साडेतीन वर्षं. देणग्या येतात त्या मुलांच्या डोक्यांप्रमाणे. मुलं कमी झाली की देणगी कमी, की मग पगार अडकतात. म्हणजे मूल घरी परत जाणं हे संस्थेच्या पोटावर येतं. कोणी राक्षस नव्हतं तिथे, बाई तर स्वतःच्या पगारातून मुलांची औषधं आणायच्या, पण हिशोबच असा बसवलेला. आणि अनाथ म्हणावं तर रजिस्टरमध्ये बहुतेकांच्या पुढे आईचं नाव होतं. 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या २००९ च्या अहवालात पण हेच आहे, जगभरात अशा संस्थांमधल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आईवडील, निदान एक तरी, जिवंत असतात. त्यांना संस्थेत आणते ती गरिबी. मग तेच पैसे त्या आईला दिले तर?

वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्यांचं तर बोलूच नका. वर्षात एकदा येणार, मांडीवर घेणार, फोटो काढणार, जाणार. लहान मुलं दर वेळी 'आता हे नेणार मला' म्हणून दारापर्यंत जायची. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या अनाथाश्रम-पर्यटनाविरुद्ध ठरावात लिहिलं तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

तुमच्या वर्गणीचं म्हणाल तर अशा कामाला द्या ज्यात मूल घरच्यांजवळ राहून शाळेत जाईल. संस्था निवडताना तीन गोष्टी विचारा, मुलांचे फोटो वापरता का, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली आणि नंतर तुम्ही त्यांना भेटायला गेलात का. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना अडखळले तर समजून घ्या.


कायदेपंडित_नाही

आडवाट यांना अनुमोदन. आईच्या हातात पैसे हे मोठ्या प्रमाणावर करून बघितलंय. मेक्सिकोने १९९७ मध्ये प्रोग्रेसा नावाची योजना काढली, मूल शाळेत हजर तर पैसे आईला, आणि वरच्या वर्गात मुलींसाठी मुलांपेक्षा जास्त, कारण गळती तिथे असते. मुलांचं कामाचं प्रमाण कमी झालं, शाळा वाढली. अर्थात शाळा जवळ हवी आणि तिथे मास्तर हवा, नाहीतर पैशाने काय होतंय.


अर्धवट_झोप

सगळ्यांचे आभार, किती वेळा वाचलं सांगू शकत नाही. फोटो त्याच रात्री काढून टाकला, ग्रुपवर माफी मागितली, दोघांनी 'एवढं काय त्यात' केलं, असो.

नटबोल्ट दादा, तुमचं वाचून आधी नाव विचारलं. सांगितलं त्याने. खरं की खोटं माहीत नाही, पायवाटांनी सांगितलंय तसं तेच धरून चाललेय.

रविवारी मुद्दाम गाडी न नेता गेले आणि पलीकडच्या कट्ट्यावर तासभर बसले. त्याला विचारलं तुला काय पाहिजे. मला वाटलं होतं शाळा म्हणेल, किंवा बूट. तो म्हणाला पैसे ठेवायला जागा. संध्याकाळी मोठी पोरं येतात आणि दिवसभराची कमाई काढून घेतात, म्हणून तो मोजा घालतो एका पायात (दुसऱ्या पायात नाही, मी दोन महिने बघूनही लक्षात आलं नव्हतं) आणि त्यात थोडे लपवतो. डावी चप्पल मोठी आहे ती म्हणूनच! मी आपली त्याला नवीन जोड घ्यायचा विचार करत होते.

रात्री आईकडे जातो. आई कचरा वेचते, अजून दोन भावंडं. शाळेचं विचारलं तर म्हणाला गेलो होतो, कागद मागितला, कागद नाही. जन्माचा दाखला. आईला भेटले, ती आधी घाबरली, मी मुलं नेणाऱ्यांपैकी आहे असं वाटलं तिला. बोलली अगदी थोडं. पुढच्या रविवारी ये म्हणाली.

आता एक विचित्र झालंय. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की तुझा फोटो मी न विचारता काढला आणि लोकांना दाखवला, चूक झाली, आता पुसून टाकला. तर तो चिडला! म्हणे पुसला कशाला, मला दाखवायचा ना, माझा एक पण फोटो नाहीये. आता काय करू?


पायवाट

छान केलंत. कट्ट्यावरचा तासभर फार महत्त्वाचा.

दाखल्याचं काम हातात घ्या, वर्गणीतून यासाठी खर्च करा, तिघा भावंडांचं एकदम. बालहक्क करारातलं सातवं कलमच आहे, जन्म झाल्या झाल्या नोंद व्हायला हवी, आणि आजही जगात पाच वर्षांखालची साधारण १५ कोटी मुलं नोंदीविना आहेत, तुमचा मित्र मोठेपणीचा त्यातलाच एक. आईसोबत जायचं, तिच्याऐवजी नाही. रांगेत तिला पुढे उभं करा, तुम्ही मागे. आणि शाळेत कागदावाचून बसू देत नसतील तर तिथल्या कायद्यात काय आहे ते आधी बघून जा, पुष्कळ ठिकाणी कागद नसला तरी बसवावं लागतं आणि शाळांनाच ते माहीत नसतं.

मोठ्या पोरांचं तुम्ही एकट्याने सोडवायला जाऊ नका, ती पोरं पण कालची छोटी पोरंच आहेत, आणि तुम्ही बोलून निघून जाल, मार त्याला बसेल. जवळपास फिरती करणारी संस्था शोधा, त्यांना सगळ्यांशीच बोलता येतं. लॉकर असेल तर उत्तम, नसेल तर त्यांना सुचवा.

फोटोचं सोपं आहे. आता विचारून काढा, त्याला आवडेल तसा उभा राहू दे, छापा आणि त्याच्या हातात द्या. एक कॉपी आईला. तुमच्या फोनमधला ठेवायचा की नाही ते त्याला विचारा.


नटबोल्ट

माझा लहानपणीचा एकच फोटो आहे, मालकाच्या नव्या गाडीच्या पूजेचा, त्यात मी कडेला अर्धा. जपून ठेवलाय. छापून द्या ताई.

आणि दाखला झाला की कळवा. मला पाढे विचारता येतात आता, चोविसापर्यंत.


अर्धवट_झोप

छापला. फवारा हातात घेऊन, केस पाण्याने चापून बसवून उभा राहिला. फोनमधला ठेव म्हणाला पण ग्रुपवर नाही. दोन नाही, तीन कॉप्या मागितल्यात. एक त्याला, एक आईला, तिसरी कोणाला ते सांगायला तयार नाही.


दगडी_पाटी

तिसरी विकणार तो.